गाजराचे केक बार आणि वर क्रीम चीज: घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमधे) कसे करायचे

डिसेंबर लागला की मंडईत लाल गाजरांचे ढीग लागतात, भाव उतरला की आपण एक किलोच्या जागी दोन किलो घेऊन येतो, एका किलोचा हलवा होतो, थोडी कोशिंबीर, थोडं लोणचं, आणि तरी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पाच-सहा गाजरं उरतातच. माझ्याकडे ती उरलेली गाजरं गेली सहा-सात वर्षं कॅरट केक बारमध्ये जातात. आता तर असं झालंय की आधी बारपुरती गाजरं बाजूला काढून ठेवते आणि मगच हलव्याला हात लावते.

बार म्हणजे चौकोनी टिनमधे भाजलेला पातळसा केक, वर क्रीम चीजचं फ्रॉस्टिंग म्हणजे गोड, मऊ थर, आणि मग आपण वड्या पाडतो तशा पाडायच्या. थरांचा गोल केक करायचा तर तो आडवा कापा, मधे फ्रॉस्टिंग भरा, कडा सारख्या करा, आणि एवढं करून आपल्या हवेत तो तासाभरात एका बाजूला कलायला लागतो. बारचं तसं काही नाही. जाडी जेमतेम इंचभर, त्यामुळे मधलं आणि कडेचं जवळपास एकदमच भाजून होतं, फ्रॉस्टिंग फक्त वरून पसरायचं, आणि डब्यात भरून ऑफिसला, शाळेत, कोणाच्या घरी न्यायला एकदम सोपं. ज्यांनी कधीच बेकिंग केलं नाहीये त्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. या पदार्थात सांभाळायचं असतं ते पाणी. गाजरात साधारण ८८ टक्के पाणी असतं, म्हणजे १८० ग्रॅम किसात दीडशे ग्रॅमच्या वर नुसतं पाणीच. क्रीम चीजमधेही पाणी, अंड्याऐवजी दही घेतलंत तर त्यातही पाणी. हे पाणी केकच्या आत नीट मुरलं तर बार तीन-चार दिवस मऊ, ओलसर राहतो, आणि नको तेव्हा सुटलं तर केक मधेच बसतो आणि फ्रॉस्टिंग कडेने ओघळतं. माझा पहिला घाणा असाच गेला. सकाळी घाई नको म्हणून मी रात्रीच गाजर किसून त्यात साखर घालून ठेवलं होतं, सकाळी बघते तर कीस तळाला आणि वर नारिंगी पाणी तरंगतंय, तेही टाकवेना म्हणून सगळं पिठात ओतलं. पन्नास मिनिटं भाजूनही मधे शिऱ्यासारखा लगदा आणि कडा मात्र कडक. तेव्हापासून नियम एकच, गाजर किसायचं ते ओव्हन तापत असताना, आणि साखर त्याला लावायची नाही.

आता गाजर कुठलं. दिल्ली गाजर म्हणतो ते लाल, लांब, थंडीतलं गाजर गोड असतं, रसाळ असतं आणि केकला सुंदर रंग देतं (हा लाल रंग लायकोपीनचा, टोमॅटोत असतं तेच). वर्षभर मिळणारं केशरी गाजर कमी गोड पण जरा कोरडं आणि टणक, त्यामुळे खरं सांगायचं तर बेकिंगला ते जास्त भरवशाचं. मी दोन्ही वापरते. लाल असेल तर कीस चाळणीत दहा मिनिटं ठेवते आणि मुठीत घेऊन एकदाच हलकं दाबते, दुधीच्या कोफ्त्याला पिळतो तसं कोरडंठाक पिळायचं नाही, नुसतं मोकळं पाणी जाऊ द्यायचं. केशरी असेल तर तेवढंही करत नाही. सीझन संपत आल्यावरच्या लाल गाजरात मधला दांडा जाड, पांढरट आणि लाकडासारखा झालेला असतो, तो काढून टाका, तो भाजूनही मऊ होत नाही.

किसायचं किसणीच्या मधल्या भोकांवर, म्हणजे हलव्याला घेतो त्याच्यापेक्षा बारीक पण लगदा होईल इतकं बारीक नाही. मिक्सरमधे फिरवू नका, तिथे तुकडेही राहतात आणि रसही निघतो, दोन्ही नको असलेल्या गोष्टी एकदम. आणि वजन करायचं ते सोलून किसून झाल्यावर. “तीन मध्यम गाजरं” या मापाला काही अर्थ नाही, मंडईत एक गाजर ६० ग्रॅमचं आणि त्याच्या शेजारचं दीडशेचं असतं. छोटा डिजिटल वजनकाटा घेऊन टाका, बेकिंगच्या बाकी कुठल्याही सामानाआधी तो घ्या.

माप सांगते ते ८ इंची चौकोनी टिनचं आहे, म्हणजे २० सेंटीमीटर बाय २० सेंटीमीटर. १३० ग्रॅम मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा बेकिंग सोडा, पाव चमच्याला थोडं वर मीठ. सव्वा चमचा दालचिनी पूड, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा जायफळ. १०० ग्रॅम ब्राऊन शुगर आणि ५० ग्रॅम साधी बारीक साखर. २ अंडी. १२० मिली तेल. १८० ग्रॅम गाजराचा कीस. एक चमचा व्हॅनिला. ५० ग्रॅम अक्रोड. चमचा म्हणजे ५ मिलीचा मापाचा चमचा, घरातला पोह्याचा चमचा नाही, सोड्याच्या बाबतीत तेवढ्या फरकानेही चव बिघडते.

ब्राऊन शुगर नसेल तर गूळ पावडर चालते, चाळून घ्या कारण त्यात खडे असतात. रंग थोडा गडद येतो आणि चवीला मागे एक खमंगपणा राहतो, मला तर तो आवडतो. मैदा अजिबात नको असेल तर निम्मा मैदा निम्मी कणीक करा आणि दोन चमचे दूध वाढवा, पूर्ण कणकेचा केला तर जड होतो.

तेलाच्या जागी बटर किंवा तूप घालायचा मोह होतो, घालू नका. हे बार फ्रॉस्टिंगमुळे फ्रीजमधेच ठेवायचे असतात, आणि बटर, तूप फ्रीजमधे थिजतं, मग केक दगडासारखा लागतो आणि आपल्याला वाटतं शिळा झाला. तेल पातळच राहतं म्हणून केक थंडही मऊ लागतो. वास नसलेलं तेल घ्या, सूर्यफूल किंवा राईस ब्रान. घाण्याचं शेंगदाणा तेल इथे नको, त्याचा वास दालचिनीच्याही वर येतो. खोबरेल तेलही थंडीत थिजतं, म्हणून तेही नाही.

मसाल्यांच्या बाबतीत मी हट्टी आहे. दालचिनी घरी कुटून चाळा, विकतच्या पुडीत वास उरलेला नसतो. जायफळ किसणीवर ताजं किसा, पुरणाला किसतो तसंच. वेलची मात्र घालू नका. मला वेलची कमी आवडते असं नाही, पण गाजर आणि वेलची एकत्र आले की जिभेला लगेच हलवा आठवतो आणि मग केक खाताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. अक्रोड आधी चाखून बघा, खवट असेल तर सगळा केक कडू होतो, आणि मग १७० डिग्रीवर सहा-सात मिनिटं भाजून, गार करून, जाडसर मोडून घ्या. अक्रोड नको तर काजू. बऱ्याच अमेरिकन रेसिपींत अननसही असतो, मी घालत नाही, पाण्यात अजून पाणी कशाला. उलट लाल गाजर फारच रसाळ निघालं तर मी दोन मोठे चमचे सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस घालते, तो जास्तीचं पाणी ओढून घेतो आणि चवीलाही छान.

जाता जाता एक, लोक याला हेल्दी केक समजतात ते काही खरं नाही, तेल-साखर बाकी केकइतकीच असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधे साखरेचं रेशनिंग आलं, १९४० ला सुरू झालेलं ते १९५३ पर्यंत चाललं, आणि तेव्हा गोडव्यासाठी गाजर वापरा असं तिथलं सरकारच लोकांना सांगत होतं. वर क्रीम चीजचा थर द्यायची सवय मात्र अमेरिकन. म्हणून तिकडच्या रेसिपी बघताना दोन गोष्टी लक्षात ठेवा, ३५० डिग्री लिहिलेलं असतं ते फॅरनहाइट, आपल्याकडे ते साधारण १७५ सेल्सिअस. आणि ९ बाय १३ इंचाचा ट्रे म्हणतात तो आपल्या लहान ओटीजीत बसतच नाही, ते माप निम्मं करा की ८ इंची टिनला बरोबर येतं.

टिनला तेलाचा हात लावून आत कागद घाला, दोन बाजूंनी कागदाचे कान बाहेर ठेवा म्हणजे नंतर धरून अख्खा केक उचलता येतो. किराणा दुकानात मिळणारा पातळ बटर पेपर कधीकधी केकला चिकटतो, तो असेल तर त्यालाही वरून तेल लावा. पार्चमेंट पेपर असेल तर गरज नाही.

ओव्हन १७० ला लावा, वरची-खालची दोन्ही रॉड चालू, आणि पूर्ण पंधरा मिनिटं तापू द्या. मग कामाला लागा. कोरडं सगळं, म्हणजे मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ, मसाले, एकत्र दोनदा चाळायचं. दोनदा का, तर सोडा एका जागी राहिला की तिथे गाजराचे तंतू हिरवे पडतात. खरंच हिरवे. गाजरातलं क्लोरोजेनिक अ‍ॅसिड आणि सोड्याचा क्षार एकत्र आले की हा रंग येतो. खायला काही अपाय नाही, पण पाहुण्यांसमोर बुरशीसारखं दिसतं आणि कोणी तोंडात घालत नाही. याच कारणासाठी सोडा पाव चमचाच घेतलाय, फुलवायचं मुख्य काम बेकिंग पावडरकडे.

दुसऱ्या भांड्यात अंडी फोडा. फ्रीजमधून काढून अर्धा तास झालेली हवीत. आपल्याकडची अंडी लहान-मोठी येतात म्हणून दोन्ही फोडून वजन करा, ९० ते १०० ग्रॅम भरलं पाहिजे, कमी भरलं तर दूध घालून भरून काढा. त्यात दोन्ही साखरा घालून हातानेच व्हिस्कने, म्हणजे तारांच्या फेटणीने, दोन मिनिटं फेटा, रंग फिकट होतो आणि वर बारीक फेस येतो. मग एका हाताने फेटत दुसऱ्या हाताने तेल बारीक धारेने ओता, एकदम ओतलं तर तेल वेगळं तरंगतं आणि केक तेलकट होतो. नीट जमलं की मिश्रण सॉससारखं घट्ट आणि चकचकीत होतं, व्हिस्क उचलला की धार खाली पडून क्षणभर वर तशीच दिसते आणि मग आत विरते. इथवर आलात की व्हॅनिला घाला.

आता कोरडं मिश्रण दोन भागांत घाला आणि स्पॅच्युलाने, म्हणजे चपट्या रबरी उलथन्याने, खालून वर, खालून वर असं हळू मिसळा. मैदा दिसेनासा व्हायच्या जरा आधीच गाजर आणि अक्रोड टाका, म्हणजे ते मिसळेपर्यंत राहिलेला मैदाही मिसळून जातो. इथे घोटायचं नाही, घोटलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि बार रबरासारखा लागतो. पीठ इडलीच्या पिठापेक्षा घट्ट, भज्याच्या पिठासारखं, चमच्यावरून ओघळत नाही तर थपकन पडतं. टिनमधे घालून कोपऱ्यांपर्यंत पसरवा, मधे किंचित खोलगट ठेवा कारण मध्य फुगतो आणि फ्रॉस्टिंगला सपाट वरची बाजू हवी.

भाजायला २६ ते ३२ मिनिटं. एवढा फरक का तर प्रत्येक ओटीजी आपल्या मर्जीने तापतो, माझा तर बटण १७० ला असताना आत १९० दाखवायचा, तीन-चारशे रुपयाचा ओव्हन थर्मामीटर आत टांगल्यावर हे कळलं आणि मग इतके दिवस वरून करपून आतून कच्चं का राहत होतं त्याचा उलगडा झाला. टिन बरोबर मधे यायला हवा, रॅक नाही, टिन. छोट्या ओटीजीत मधल्या खाचेत रॅक लावला तर टिनची कड वरच्या रॉडच्या जवळ जाते, तेव्हा एक खाच खाली घ्या. वीस मिनिटांच्या आत दार उघडू नका. वर फार लाल होतंय असं वाटलं तर वीस मिनिटांनंतर फॉइल नुसती वर ठेवा. झालं कसं ओळखायचं, तर मधे बोट टेकवलं की खड्डा न राहता वर येतो, कडा टिनपासून सुटायला लागतात, आणि काडी घातली तर तिला एक-दोन ओलसर कण चिकटतात. काडी एकदम कोरडी यायची वाट बघू नका, तोवर बार जास्त भाजला जातो. गाजराचा तंतू काडीला लागला तर तो ओला असणारच, त्यावरून कच्चं समजू नका, शेजारी परत घालून बघा.

मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शन मोडवर पण होतं, १६० ते १७० ला. ओव्हनच नसेल तर जाड बुडाची मोठी कढई, तळाला मीठ, त्यावर स्टँड, झाकण घालून दहा मिनिटं तापवून मग टिन आत आणि गॅस एकदम बारीक, ४० ते ४५ मिनिटं. खालची बाजू जास्त लाल होते पण फ्रॉस्टिंगखाली चवीला काही बिघडत नाही. गाजराची पुंगी आहे, वाजली तर वाजली, करून बघायला हरकत नाही.

अंडं चालत नसेल त्यांच्यासाठी. दोन अंड्यांच्या जागी १२० ग्रॅम ताजं, आंबट नसलेलं दही, सोडा पाव चमच्याऐवजी अर्धा चमचा करा, तेल १०० मिली. दही आणि साखर आधी फेटा, साखर विरघळली की तेल. दही आणि सोडा भेटले की लगेच काम सुरू होतं म्हणून पीठ झालं की टिन सरळ ओव्हनमधे, मधे फोन आला तरी घ्यायचा नाही. सोडा वाढवलाय, पण दह्याच्या आंबटपणात तो खर्ची पडतो म्हणून रंगाची फार भीती नाही. भाजायला पाच मिनिटं जास्त द्या. थोडा घट्ट होतो, बारला ते चालून जातं.

बाहेर काढल्यावर वीस मिनिटं टिनमधेच, मग कागदाचे कान धरून उचला आणि जाळीवर ठेवा. जाळी महत्त्वाची, ताटात ठेवलात तर खालून वाफेचं पाणी सुटून बूड ओलं होतं. फ्रॉस्टिंगआधी पूर्ण गार, म्हणजे हाताला गार लागतो तेवढा नाही, दोन तास. मधला भाग बराच वेळ आतून कोमट असतो, मी एकदा घाईत तासाभरात फ्रॉस्टिंग लावलं आणि मधलं सगळं विरघळून कडेने कागदावर उतरलं.

आता फ्रॉस्टिंग, आणि सगळ्यात जास्त जणांचं इथेच बिनसतं. २०० ग्रॅम क्रीम चीज, ६० ग्रॅम अनसॉल्टेड बटर, ९० ग्रॅम आयसिंग शुगर, अर्धा चमचा व्हॅनिला, अर्ध्या लिंबाची किसलेली साल, फक्त पिवळी, पांढरी नाही. पिवळं मीठवालं बटर नको, क्रीम चीजमधे मीठ असतंच.

आपल्याकडे क्रीम चीज बहुतेक डब्यात मिळतं, ब्रेडला लावायचं असतं तसं मऊ. अमेरिकेत ते ठोकळ्यात मिळतं, ८ औंस म्हणजे २२६ ग्रॅमचा घट्ट ठोकळा, आणि तिकडच्या रेसिपी त्या ठोकळ्याच्या असतात. तिकडे राहणाऱ्यांनी ठोकळाच घ्यावा, डबा नको. आपण इथे डबाच वापरणार, तर त्यातलं पाणी आधी काढायचं. मी डबा मलमलच्या फडक्यात उलटा करते, पुरचुंडी बांधते आणि फ्रीजमधे चाळणीवर ठेवून वर छोटी वाटी ठेवते, चार-पाच तास, रात्रभर असेल तर उत्तम. आई एकदा राहायला आलेली असताना तिने सकाळी फ्रीज उघडला आणि म्हणाली, “अगं, पाडवा तर अजून लांब आहे, चक्का कशाला टांगलायस?” मी सांगितलं हे चीज आहे, तर ती म्हणाली, “मग चक्काच का नाही घेत? दोन्हीला पाणीच तर काढायचंय.”

आणि ते इतकं बरोबर होतं की तेव्हापासून मी निम्मं क्रीम चीज आणि निम्मा चक्का असंच करते. अर्धा किलो फुल क्रीम दुधाचं घट्ट दही, म्हशीच्या दुधाचं असेल तर अजून छान, फ्रीजमधेच रात्रभर टांगलं की दोनशे ग्रॅमच्या आसपास चक्का निघतो. बाहेर टांगू नका, आंबट होतो. त्यातला १०० ग्रॅम घेऊन पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून घासून काढा, श्रीखंडाला काढतो तसा, म्हणजे गुठळी राहत नाही. क्रीम चीज मग १०० ग्रॅमच लागतं, खर्च निम्मा होतो आणि चवीला जो हलका आंबटपणा येतो तो गाजराच्या गोडीला फार शोभतो. क्रीम चीज मिळतच नाही अशा गावी १५० ग्रॅम चक्का आणि ५० ग्रॅम ताजं मऊ पनीर मिक्सरमधून एकजीव करून घ्या, अगदी तसंच नाही पण खूप जवळ जातं.

क्रम महत्त्वाचा. आधी बटर मऊ हवं, बोट दाबलं की खड्डा पडेल पण चकाकणार नाही इतकं. मे महिन्यात मुंबईत हे दहा मिनिटांत होतं आणि पंधराव्या मिनिटाला तेल सुटतं, तेव्हा लक्ष ठेवा. बटर आणि आयसिंग शुगर बीटरने तीन मिनिटं फेटा, पांढरं आणि फुगीर होतं. मग फ्रीजमधून काढलेलं गार चीज आणि चक्का दोन भागांत घाला आणि प्रत्येक वेळी वीस-पंचवीस सेकंदच फिरवा, मिसळलं की थांबा. जास्त फेटाल तितकं छान फुलेल असं वाटतं पण चीजची जी घट्ट ठेवण असते ती मोडते आणि पाणी सुटतं, मग ते परत येत नाही. साखर थेट चीजमधे घातली तरी तेच, साखर चीजमधलं पाणी ओढते आणि त्याचा पाक होतो, म्हणून साखर आधी बटरमधे. आणि पातळ झालं म्हणून लोक अजून साखर घालतात, त्याने अजून पातळ होतं आणि वर गोडमिट्ट. पातळ वाटलं तर वाटी तशीच फ्रीजमधे अर्धा-पाऊण तास ठेवा, चमच्याने एकदा हलवा, बहुतेक वेळा तेवढ्याने सावरतं.

घरी दळलेली पिठीसाखर वापरणार असाल तर एक चमचा कॉर्नफ्लोअर मिसळून दोनदा चाळा, विकतच्या आयसिंग शुगरमधे स्टार्च आधीच असतो. चाळली नाही तर दाताखाली करकरतं.

गार केकवर सगळं फ्रॉस्टिंग मधोमध ओता आणि मधून कडेकडे ढकलत न्या, चमच्याच्या पाठीने थोड्या लाटा काढल्या तरी छान दिसतं. वर थोडा भाजलेला अक्रोड. गाजराचा कच्चा कीस वरून घालतात तो आयत्या वेळी घाला, नाहीतर तासाभरात त्याचं पाणी सुटून फ्रॉस्टिंगवर लाल डाग पडतात.

मग फ्रीजमधे कमीत कमी दोन तास. कापायला लांब पात्याची सुरी, गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसायची, एकदाच सरळ खाली दाबायची, करवतीसारखी मागेपुढे नाही, आणि प्रत्येक कापानंतर परत पुसायची. हे कंटाळवाणं आहे पण पुसली नाही तर केकचे तपकिरी कण पांढऱ्या फ्रॉस्टिंगवर ओढले जातात. चार बाय चार म्हणजे १६ वड्या, पाच-पाच सेंटीमीटरच्या, लहान मुलांना तेवढी पुरते. मोठ्यांच्या चहाबरोबर द्यायच्या तर १२ लांबट पाडा.

फ्रीजमधे घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस छान राहतात, दुसऱ्या दिवशी तर पहिल्या दिवसापेक्षा चांगले लागतात, गाजराचा ओलावा सगळीकडे सारखा मुरलेला असतो आणि मसालाही वर येतो. त्यामुळे कोणी येणार असेल तर आदल्या दिवशीच करा. खायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढा. बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचे नाहीत, उन्हाळ्यात तर तासभरच, वर दुधाचा पदार्थ आहे. प्रवासात न्यायचे असतील तर केक तसाच न्या आणि फ्रॉस्टिंग वेगळ्या डब्यात आइस पॅकवर, तिथे पोचून लावा. बिनफ्रॉस्टिंगचा केक क्लिंग रॅपमधे गुंडाळून फ्रीझरमधे महिनाभर आरामात टिकतो, मी जानेवारीत दोन टिन जास्तीचे करून ठेवते म्हणजे लाल गाजर संपल्यावरही फेब्रुवारी-मार्चमधे काढता येतात.

आणि दही टांगल्यावर खाली वाटीत जे पिवळसर पाणी जमतं ते ओतून देऊ नका, त्यात थालीपिठाची भाजणी भिजवा, थालीपीठ मस्त खुसखुशीत होतं.